मिठाच्या आरशावर कधी जावं?

प्रश्न : बोलिव्हियातल्या सालार दे उयुनी या मिठाच्या मैदानाचे फोटो पाहिले, आभाळ पायाखाली आल्यासारखं दिसतं. तसं दृश्य बघायला कधी जावं? काय काळजी घ्यावी?

उत्तर : जानेवारी ते मार्च. तेव्हा पावसाचं जेमतेम काही सेंटिमीटर पाणी मिठावर साचतं आणि त्याचाच आरसा होतो. मात्र वारा सुटला की पाण्यावर तरंग उठतात आणि प्रतिबिंब विस्कटतं, म्हणून पहाट किंवा सूर्यास्ताची वेळ धरा. पाणी फार चढलं तर गाड्या आत जात नाहीत, इन्काहुआसी हे निवडुंगांचं बेटही हुकतं. मे ते ऑक्टोबरमध्ये आरसा नसतो, पण मिठावर उमटलेले षटकोन दिसतात. (आमच्या मते तेही कमी नाहीत.)

उंची सुमारे ३,६५० मीटर. थेट येऊन धावपळ केली की डोकं ठणकतं, मळमळतं. आधी दोन दिवस उंचीवर निवांत काढा. ऊन खालूनही परावर्तित होतं, तेव्हा सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. गॉगल हवाच. गमबूट घाला, आणि कॅमेऱ्याचा ट्रायपॉड त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मिठाने सांधे धरतात.