कोल्हापूरहून लक्षद्वीपला जातोय, तिथे किलर व्हेल (ऑर्का) दिसेल का? ते तर बर्फाळ समुद्रातले ना?

दिसू शकतो भावा, पण त्या भरवशावर तिकीट काढू नकोस. ऑर्का जगातल्या सगळ्या महासागरांत आहेत. थंड पाण्यात खाणं मुबलक, म्हणून तिथे जास्त. उष्ण समुद्रात छोटे कळप लांबवर भटकत राहतात. श्रीलंका, मालदीवच्या आसपास नोंदी आहेत. श्रीलंकेजवळ तर 2013 मध्ये त्यांनी स्पर्म व्हेलच्या कळपावर हल्ला केलेला लोकांनी बोटीतून पाहिला! इकडे ते काय मिळेल ते खातात: शार्क, पाकट, डॉल्फिन, कासवं.

खरा घोळ ओळखण्यात होतो. फॉल्स किलर व्हेल आणि पायलट व्हेलसुद्धा लांबून काळेच दिसतात. डोळ्यामागचा ठळक पांढरा ठिपका बघ. नराचा पाठीवरचा पर सरळ उभा, 1.8 मीटरपर्यंत, म्हणजे पुरुषभर उंच. तो दिसला की शंकाच नको. मालवणला आपण बघतो त्या डॉल्फिनचा पर याच्यापुढे काहीच नाही. (ऑर्कासुद्धा डॉल्फिनच्याच कुळातला, बरं का.)

किनाऱ्यावर बसून फारसं काही हाती लागणार नाही. दोन बेटांमधल्या जहाजप्रवासात डेकवर थांब, समुद्र शांत असताना. दिसलाच तर पराचा आणि पाठीचा बाजूने फोटो काढ, अभ्यासक त्यावरूनच एकेक प्राणी ओळखतात.