पिस्तूल बदलण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पोलीस दलाच्या पिस्तूल निवड समितीत आलास, आणि आल्याआल्याच ‘हे मॉडेल भरवशाचं नाही, बदलून टाका’ हा सूर कानावर पडला असेल. आधी बिघाड कुठल्या जातीचा आहे ते ठरव. गोळी अडकणं वेगळं आणि ट्रिगर न दाबता गोळी सुटणं वेगळं. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं की तपास तिथेच फसतो.

अडकण्याचा दोष पिस्तुलाचाच असतो असं नाही. अमेरिकेत .४० कॅलिबरचं ग्लॉक २२ एरवी बिनतक्रार चालायचं, पण फ्रेमखाली टॉर्च बसवल्यावर काही दलांमध्ये अडू लागलं. मॅगझिनची, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीची, स्प्रिंग पुढची गोळी वेळेत वर आणत नव्हती. जास्त जोराची स्प्रिंग हा त्यावरचा एक उपाय ठरला. म्हणून चाचणी घ्यायची ती रोज कमरेला असेल त्याच रूपात: तीच टॉर्च, तेच होल्स्टर, ड्यूटीचीच काडतुसं. रेंजवरच्या स्वस्त काडतुसांवर काढलेला निष्कर्ष फार कामाचा नाही.

प्रत्येक पिस्तुलावर आणि प्रत्येक मॅगझिनवर नंबर रंगव. अडकलं की लगेच नोंद: पिस्तूल, मॅगझिन, काडतुसांचा लॉट (एकत्र बनलेला गट), नेमबाज, कितवी गोळी, नेमकं काय झालं. मग मॅगझिनची अदलाबदल कर. बिघाड मॅगझिनबरोबर गेला तर तिची स्प्रिंग किंवा ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, बघ. पिस्तुलातच राहिला तर एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) आणि रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेला वरचा भाग पुन्हा पुढे आणणारी). नेमबाजाबरोबर फिरला तर पकड. एका हातानं, डाव्या हातानंही झाडून बघायला हवं, कारण जखमी माणूस तसंच झाडतो. रिकॉइल स्प्रिंग किती गोळ्यांनंतर बदलली याचं रजिस्टर बहुतेक ठिकाणी नसतंच, आणि बदनाम होतं मॉडेल.

आपोआप गोळी सुटल्याची तक्रार आली तर पिस्तूल सुरक्षितपणे रिकामं झाल्यावर कुणालाही खोलू देऊ नकोस. होल्स्टर, टॉर्च आणि काडतुसासकट सील कर, आधी एक्स-रे काढ. होल्स्टर नीट बघ: टॉर्चसाठी तोंड रुंद ठेवलेलं असतं, आणि त्या फटीतून जॅकेटची दोरी किंवा बोट ट्रिगरपर्यंत पोचू शकतं.

प्रमाणपत्रावर मात्र विसंबू नकोस. सिग सॉअर कंपनीचं पी३२० पिस्तूल प्रमाणित ड्रॉप चाचण्या, म्हणजे खाली पाडून घेतलेल्या चाचण्या, पार करून बाजारात आलं होतं. २०१७ मध्ये दिसलं की स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) मागच्या टोकावर, तिरक्या कोनात पडल्यास त्यातून गोळी सुटू शकते: जड ट्रिगर स्वतःच्या जडत्वानं मागे सरकायचा. कंपनीनं हलका ट्रिगर आणि इतर बदल देऊ केले. होल्स्टरमध्येच सुटल्याच्या तक्रारी त्यानंतरही आल्या, कंपनीनं दोष नाकारला, तरी कित्येक दलांनी ते काढून टाकलं. याची दुसरी बाजूही वाच. जुलै २०२५ मध्ये एका जवानाच्या मृत्यूनंतर अमेरिकी हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडनं याच घराण्यातलं एम१८ थांबवलं; पुढे त्या प्रकरणात खोटं निवेदन दिल्याच्या आरोपावरून दुसऱ्या जवानाला अटक झाली, आणि तपासणीनंतर पिस्तूल पुन्हा वापरात आलं.

बदलायचंच ठरलं तर खर्च पिस्तुलाच्या किमतीवर मोजू नकोस. होल्स्टर, मॅगझिन, टॉर्च, सुटे भाग, आर्मररचं (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचं) प्रशिक्षण, आणि प्रत्येकाला नव्या ट्रिगरची सवय होईपर्यंत लागणारी काडतुसं, हे सगळं त्यात धर. करारात लिहून घे की पुढे आतला भाग बदलला तर कोणत्या सीरियल नंबरपासून, ते कंपनी कळवेल.

तुझा स्नेहांकित