उत्प्रेरक संगणकावरच आखले जात असतील, तर प्रयोगशाळेत पीएचडी कशासाठी करायची?

आपण विचारले आहे, की बडोद्यात एम.एस्सी. पूर्ण होत आली असून उत्प्रेरकांवर (स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर) पीएचडी करण्याची इच्छा आहे, परंतु नवे उत्प्रेरक आता संगणकावरच आखले जातात असे ऐकल्यामुळे प्रयोगशाळेत पाच वर्षे घालवण्यात अर्थ आहे का. मी याच शहरात राहून एरंडेलाच्या हायड्रोजनीकरणासाठी, म्हणजे तेलाला हायड्रोजन जोडण्यासाठी, लागणाऱ्या निकेल उत्प्रेरकांवर पीएचडी केली आहे. (घरी विषय सांगितला, तेव्हा सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झाले होते.) तेव्हा उत्तर त्या अनुभवातूनच देतो.

आपण ऐकले ते खोटे नाही. छाणीकडे जाताना जो खत कारखाना लागतो, तिथे बनणाऱ्या अमोनियाचेच उदाहरण घ्या. 1909 नंतरच्या काही वर्षांत जर्मनीतील बीएएसएफ कंपनीत आल्विन मिटाश यांच्या चमूने अमोनियासाठी हजारो मिश्रणे एकामागून एक तपासली. त्यांत सरस ठरले ते स्वीडनच्या खाणीतले एक लोहखनिज, आणि तेही त्यातील अशुद्धींमुळे. लोखंडच का चालते आणि नायट्रोजनचा रेणू फुटणे हीच सर्वांत संथ पायरी कशी, हे पृष्ठभागावर अणू-अणू न्याहाळून दाखवणारे जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ट एर्टल यांना नोबेल मिळाले 2007 साली. पुढे हा क्रम उलटा करण्याचेही प्रयत्न झाले. मॉलिब्डेनम नायट्रोजनला इतके घट्ट धरते की सोडतच नाही आणि कोबाल्ट नीट धरतच नाही, म्हणून दोघांची जोडी मधली पकड देईल, हा तर्क 2001 मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी गणिताने मांडला आणि प्रयोगाने पडताळला. पकड ना फार घट्ट ना फार सैल हवी, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ साबात्ये यांचे शंभर वर्षांपूर्वीचे तत्त्व आता आकड्यांत मोजता येते. तरीही जगातले बहुतेक अमोनिया कारखाने आजही लोखंडावरच चालतात.

याचे कारण असे, की गणितात घेतलेला पृष्ठभाग बहुधा नीटनेटका असतो आणि आपल्या हातात असते ती भुकटी. निकेल नायट्रेटचे हिरवे द्रावण अॅल्युमिनावर (अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) मुरवायचे, वाळवायचे, भट्टीत भाजायचे आणि मग हायड्रोजनच्या प्रवाहात तापवून काळा धातू मिळवायचा, एवढीच ती कृती. पण भाजताना तापमान जरा जास्त चढले, तर निकेल अॅल्युमिनात शिरून निळसर अॅल्युमिनेट बनते आणि ते सहजी धातूत उतरत नाही. बाहेर काढलेल्या काळ्या भुकटीला हवा लागली, तर ती डोळ्यांदेखत निखाऱ्यासारखी लालबुंद होते. पहिल्या वर्षी माझा एक नमुना असाच गेला. त्या नळीवरचा डाग मी अजून विसरलो नाही.

खरा धडा मात्र दुसऱ्या वर्षी मिळाला. एरंडेलातल्या रिसिनोलिक आम्लात एक दुहेरी बंध असतो आणि जवळच एक हायड्रॉक्सिल (OH) गट. बंध हायड्रोजनने भरून काढायचा, पण हायड्रॉक्सिल जाऊ द्यायचा नाही, तरच मेणासारखा कडक माल मिळतो. तापमान वाढवले की तो गट पाणी होऊन निघून जातो. मी निकेलचे प्रमाण कमी-जास्त करून चार उत्प्रेरक बनवले आणि चौघांचा वेग जवळपास सारखाच आला. निकेल दुप्पट केले तरी फरक पडत नाही, यावर मी मोठ्या उत्साहाने एक सिद्धांत रचला, आलेखही काढले. गाईडनी ते शांतपणे पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, “ढवळणी किती फेऱ्यांवर होती?” ढवळणीचा वेग वाढवताच अभिक्रियेचाही वेग वाढला. म्हणजे इतके महिने मी उत्प्रेरक मोजतच नव्हतो. हायड्रोजन घट्ट तेलात किती लवकर विरघळतो, एवढेच मोजत होतो. वास्तविक इशारा आधीच मिळाला होता, कारण माझी सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा) प्रति मोल 15 किलोज्यूलच्या आसपास येत होती आणि इतका लहान आकडा बहुधा रसायनाचा नसून विसरणाचा, म्हणजे रेणू द्रवातून पसरत पोहोचण्याचा, असतो. मी तो उत्प्रेरकाचा गुण समजलो. आठ महिन्यांचे आलेख बाद झाले, आणि त्यात दोष माझाच होता.

ढवळणी पुरेशी केल्यावर चौघांतला फरक लख्ख दिसला. सर्वांत जास्त निकेल असलेला नमुना सर्वांत चांगला नव्हता, कारण त्यातले कण मोठे झाले होते आणि बराचसा धातू कणांच्या पोटात निरुपयोगी पडून होता. मोठ्या कणांवर हायड्रॉक्सिलही जास्त जातो का, हे तपासायला मग गणिताची मदत घेतली; पण योग्य प्रश्न हाती आल्यानंतर.

म्हणून माझे मत असे, की संगणक शिकाच, कारण आता त्यावाचून गत्यंतर नाही. परंतु गणिताला खरे-खोटे ठरवणारे माप घेणारा माणूस लागतोच, आणि ते माप घ्यायला शिकण्यातच पीएचडीचा बराच काळ जातो. फक्त कोडच लिहायचा असेल, तर तसे आधीच ठरवून तशाच गटात जा. दोन्ही दगडांवर पाय ठेवून रखडलेले मी पाहिले आहेत. प्रवेशापूर्वी गाईडना भेटाल, तेव्हा शोधनिबंधांची संख्या विचारू नका. रिअॅक्टर पाहायला मागा, तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला बाजूला घ्या आणि विचारा, की उत्प्रेरक न घालता केलेल्या प्रयोगाचे आकडे कुठल्या वहीत आहेत, आणि वापरलेला उत्प्रेरक गाळून काढल्यावर उरलेल्या द्रवात अभिक्रिया चालूच राहते का, हे कोणी पाहिले आहे का. तो वही काढून दाखवू लागला, तर तिथे अर्ज करा.