मताचा हक्क आपल्याला आयता मिळाला काय?

प्रश्न : आमच्या पंचवटीतील महिला वाचक मंडळात स्त्रियांच्या मताधिकारावर चर्चा झाली. एका भगिनीचे म्हणणे असे, की विलायतेतील बायकांनी मतासाठी तुरुंगवास भोगला, आपल्याला मात्र ते घटनेने आयते दिले, म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही. दुसरीच्या मते आपल्याकडची चळवळ ही बंगल्यांतल्या शिकलेल्या बायकांची होती आणि कष्टकरी स्त्रीशी तिचा काही संबंध नव्हता. तुमचे मत काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिले म्हणणे मला मुळीच मान्य नाही, दुसरे निम्मे मान्य आहे.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ मद्रासमध्ये ब्रिटिश सरकारातील भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि राज्यकारभाराच्या नव्या सुधारणांत स्त्रियांना पुरुषांप्रमाणेच मत मिळावे, अशी मागणी त्याने केली. त्यानंतर मताधिकाराचा विचार करण्यासाठी आलेल्या साउथबरो समितीने येथील समाज अद्याप त्यासाठी तयार नाही असे सांगून ती फेटाळली. तेव्हा १९१९ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या दोघी लंडनला गेल्या आणि त्यांनी ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली. अखेर हा निर्णय प्रांतांवर सोपवण्यात आला, आणि १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने स्त्रियांच्या मतदानावरील बंदी उठवली. मुंबई प्रांतात त्या वेळी या मागणीसाठी स्त्रियांना संघटित करणाऱ्यांत रमाबाई रानडे अग्रभागी होत्या. नाशिककरांनी तर हे विसरूच नये, कारण पती न्यायमूर्ती माधवराव रानडे यांची येथे बदली झालेली असताना रमाबाई पहिल्यांदा जाहीर समारंभात बोलायला उभ्या राहिल्या, त्या नाशिकच्या हायस्कुलात. ते भाषण माधवरावांनी लिहून दिलेले होते. माधवराव १९०१ मध्ये गेले, आणि त्यानंतर वीस वर्षांनी त्याच रमाबाई सरकारकडे स्त्रियांचे मत मागत होत्या. याला आयते म्हणणे अन्यायाचे आहे.

आता दुसरा मुद्दा. १९२१ चे मत मालमत्तेवर आणि कर भरण्यावर अवलंबून होते, त्यामुळे ते मूठभर स्त्रियांपुरतेच राहिले. तुमच्या पंचवटीतच १९३० साली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्यात उतरलेल्या बहुतेक स्त्रियांना मत नव्हते, आणि त्यांच्या घरातील बहुतेक पुरुषांनाही नव्हते. त्या मर्यादेबद्दल तुमच्या भगिनीची तक्रार रास्त आहे. परंतु ती मर्यादा सरकारने घातली होती, आणि चळवळीतील प्रमुख संघटनांनी ती निमूटपणे स्वीकारली नाही. १९३१ मध्ये तीन मोठ्या महिला संघटनांनी एकत्रितपणे सर्व प्रौढांना मत मागितले, राखीव जागा नाकारल्या आणि नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर बायकोला मत देण्याच्या कल्पनेसही महिला संघटनांनी विरोध केला. त्यांच्या भूमिकेतील हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९३५ च्या कायद्याने स्त्री मतदारांची संख्या सुमारे ६० लाखांवर नेली खरी, पण त्यांतील अनेकींचे मत पतीच्या मालमत्तेच्या अटीवर मिळालेले होते. ज्या स्त्रिया स्वतः सुखवस्तू असूनही हा सोपा मार्ग नको म्हणाल्या, त्यांना कष्टकरी स्त्रीशी काही घेणेदेणे नव्हते, असे मी म्हणणार नाही.

विलायतेचा दाखला देतानाही थोडे जपावे. एमेलिन पँकहर्स्ट यांच्या उग्र मार्गाने मत मिळाले, की मिलिसेंट फॉसेट यांच्या सनदशीर मार्गाने, की पहिल्या महायुद्धाने, यावर तेथील अभ्यासकांचे आजही एकमत नाही. १९१८ मध्ये तेथे मत मिळाले ते तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. पुरुषांच्या बरोबरीचे मत १९२८ साली आले. अमेरिकेत १९२० ची घटनादुरुस्ती होऊनही दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना १९६५ पर्यंत प्रत्यक्षात मतदान करता आले नाही. थोडक्यात, वर्गाचा आणि जातीसारख्या भेदांचा डाग केवळ आपल्याच चळवळीवर आहे असे नाही.

घटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिल्यानंतरही काम संपले नव्हते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्या तयार होत असताना, विशेषतः उत्तर भारतात, कितीतरी स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही; नोंद झाली ती ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ अशी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला, दुरुस्तीची संधी दिली, आणि तरीही सुमारे २८ लाख नावे यादीतून गळाली. काहींना हा निर्णय फार कठोर वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण स्त्रीचे मत नवऱ्याच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या नावावर असावे, या महिला संघटनांच्या तत्त्वाचेच पालन त्यात झाले. मात्र त्या २८ लाख स्त्रियांचे पहिले मत बुडाले, हे दुःखही खरेच आहे.

प्रश्न : मग राखीव जागांचे काय? निवडून येते बाई आणि कारभार पाहतो सरपंचपती, हेच का त्या चळवळीचे फळ? – एक निवृत्त शिक्षक, सिन्नर

उत्तर : राखीव जागा हे त्या चळवळीतील प्रमुख संघटनांचे मागणे नव्हतेच. राधाबाई सुब्बरायन यांच्यासारख्या थोड्या जणी राखीव जागांच्या बाजूने होत्या, तर रेणुका रे यांनी संविधान सभेतही त्यांना विरोध केला. स्त्री आपल्या गुणांवर निवडून येईल, हा विरोध करणाऱ्यांचा विश्वास होता. पुढील काळाने तो पुरेसा खरा ठरवला नाही : २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. म्हणून या एका बाबतीत मी राधाबाईंच्या बाजूचा आहे.

सरपंचपतीचा प्रकार खरा आहे आणि लाजिरवाणाही आहे. पण आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या नसत्या, तर कितीतरी गावांत बाईच्या सहीचा कागद पंचायतीत आलाच नसता. तुमच्या गावी ग्रामसभेत सरपंचाच्या खुर्चीवर पती बसत असेल, तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) तेथेच हरकत नोंदवायला सांगा आणि ती इतिवृत्तात आली की नाही, हे पुढच्या सभेत वाचून घ्या. ती हरकत गावातील एखाद्या शिक्षकाने घेतली, तर सरपंचबाईंना बोलणे सोपे जाईल.