लहान मुलांसाठी गोष्टी लिहायला सुरुवात कशी करावी?

लहान मुलांसाठी गोष्टी लिहायच्या आहेत, अनुभव काहीच नाही, तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि काही वर्षांपासून मुलांसाठी लिहितो. माझ्या पहिल्या गोष्टीचे काय झाले तेच सांगतो, कारण नवशिक्याची नेहमीची चूक तीत जशीच्या तशी आहे.

सुमी नावाच्या मुलीची बिंदगी पाणी शेंदताना विहिरीत पडते, ती रडत घरी येते, आजोबा गळ टाकून बिंदगी काढतात आणि मग पाण्याचे महत्त्व या विषयावर पाऊण पान बोलतात, अशी ती गोष्ट होती. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेले ज्याने पाहिले आहे, त्याला ते पाऊण पान गाळणे जिवावर येणारच. परंतु चौथीच्या वर्गात गोष्ट वाचून दाखवताना आजोबा बोलू लागले आणि मागच्या रांगेतील मुले वहीवर फुली-गोळा खेळू लागली. शेवटी एका मुलीने विचारले, "आजोबा गावाला गेले असते, तर सुमीनं काय केलं असतं?"

दुसऱ्या खर्ड्यात मी आजोबांना खरोखरच गावाला पाठवले. आमच्याकडे गळ दोन-तीन घरांतच असे आणि तो परत येईपर्यंत एखादे भांडे तारण ठेवून घेण्याची रीत होती. आता सुमी घरातला तांब्या तारण ठेवून गळ आणते, मैत्रिणीला दोर धरायला लावते आणि पहिल्या खेपेला वर येते ती कुणाची तरी बूड गेलेली बादली. तेव्हा आपल्या गोष्टीतील अडचण मूलच सोडवते की कोणी मोठा माणूस मध्ये येऊन सोडवतो, एवढे आधी तपासावे.

वय लिहिण्यापूर्वीच ठरवावे. दुसरीतले मूल जोडाक्षरांपाशी अजून अडखळत असते, त्यामुळे त्याच्यासाठी लिहिताना "प्रयत्न केला" याऐवजी "करून पाहिले" लिहिले तरी पुष्कळ फरक पडतो. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले तरी संवाद मात्र आपल्या गावचेच असू द्यावेत. "येळवस" हा शब्द बदलून "वेळ अमावस्या" करावा, असे मला एकदा सुचवण्यात आले होते; मी तो बदलला नाही, कारण कडब्याची कोप आणि आंबिलीचे मडके त्याच वाक्यात असल्यावर पुण्याच्या मुलालाही तो सण कळतो.

वाचनासाठी बालभारतीचे 'किशोर' मासिक घ्यावे. ते १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. कागदावर पूर्ण वाटणारी गोष्टही मुलांसमोर मोठ्याने वाचल्याशिवाय कोठे पाठवू नये. सुमीची नवी गोष्ट त्याच वर्गात वाचली, तेव्हा फुली-गोळा कोणी खेळले नाही, मात्र गोष्ट संपताच तीन-चार मुलांनी एकदम विचारले, "तांब्या सोडवून आणला का?" ते वाक्य लिहायचे माझ्याकडून राहूनच गेले होते.