२०० पाहुण्यांचं रिसेप्शन कमी खर्चात कसं बसवावं?

लग्नाच्याच दिवशी, त्याच कार्यालयात, दुपारच्या जेवणाला रिसेप्शन जोडून टाका; संध्याकाळ वेगळी ठेवलीत की हॉल, डेकोरेशन, जेवण सगळं पुन्हा पडतं. मी केटरिंगच्या ऑर्डरी घेतो, आणि बजेट कोसळतं ते बहुतेक वेळा ताटांच्या आकड्यावर. केटरर गॅरंटीची ताटं ठरवून घेतो: २०० सांगितलीत आणि १६० जण जेवले, तरी पैसे २०० ताटांचेच. म्हणून गॅरंटी १७० ची द्या आणि वरच्या ताटाचा दर आधीच लिहून घ्या. मसालेभात, अळूची भाजी, जिलेबी-मठ्ठा नीट झालं की पुरे. पास्त्याच्या काउंटरवर फोटोच जास्त निघतात. बाहेरचा केटरर आणणार असाल तर कार्यालय त्याची रॉयल्टी, म्हणजे बाहेरच्या केटररसाठी वेगळे पैसे, घेतं का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा. मात्र ऑफिसची मंडळी जास्त असतील आणि लग्न कामाच्या दिवशी असेल, तर दुपारी कोणी फिरकत नाही. मग संध्याकाळ वेगळी ठेवा, पण रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही, तेव्हा लग्नतिथी नसलेला मधला वार धरा. भाड्यात घासाघीस चालते ती अशाच दिवशी.