लोटे एमआयडीसीतल्या (चिपळूणजवळच्या) केमिकल कंपनीत नोकरीआधी एचआयव्ही टेस्ट मागतायत, करावीच लागेल का?
नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने (लागू 10 सप्टेंबर 2018) नोकरीसाठी ही अट घालायलाच बंदी आहे. केमिकल हाताळायचं म्हणून फुप्फुसं, कान तपासले तर जरूर करून घ्या, ते तुमच्याच भल्याचं.

लॅबच्या फॉर्मवर मात्र नजर ठेवा. आमच्या चिपळूणकडची पोरं उपाशीपोटी रांगेत उभी असतात, न वाचताच सही ठोकतात. एचआयव्हीपुढे आधीच टिक असेल तर खोडा, फोटो काढून ठेवा. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्याच्याकडे लेखी द्या.

विम्याचं थोडं वेगळं: जोखमीच्या आकडेवारीच्या अभ्यासाचा (ॲक्च्युरिअल) आधार असेल तरच एचआयव्हीवरून विमा नाकारता येतो. फॉर्ममध्ये विचारलेलं मात्र खरंच लिहा, नाहीतर क्लेम अडकतो.